नांगर टाकून ठेवलेला गारवा

थंड मुलखातली माणसं घर उबदार ठेवायला किती खर्च करतात, हे वाचण्याची खोड मला निवृत्तीनंतर लागली. तुळिंजमध्ये, चौथ्या मजल्यावर, पंखा पाचवर ठेवून बनियनवर बसलेल्या माणसाला घर तापवण्याच्या खर्चाची उठाठेव कशाला, असं पत्नीने विचारलं. मी म्हणालो, ज्ञान. ती म्हणाली, ज्ञान झालं असेल तर कोथिंबीर आणा.

पण त्या वाचनात एक गोष्ट होती, ती मला सोडेना. त्या देशांत म्हणे जमिनीखाली नळ्या पुरतात. वर बर्फ पडो की ऊन, थोडं खोल गेलं की जमीन आपली बारा महिने एकाच मनःस्थितीत असते. थंडीत ती ऊब उसनी देते. नळ्या पुरताना खिसा रिकामा होतो, पुढे मात्र वर्षानुवर्षं फारसं बिल नाही. उलट साधी भट्टी स्वस्तात बसते आणि जन्मभर खात राहते. पंचवीस वर्षांचे दोन रकाने शेजारी शेजारी मांडून दाखवले होते. मी आयुष्यभर वसईच्या एका पंख्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. बाईच्या डोळ्यांनी माणसं घायाळ होतात, मी रकान्यांनी होतो.

मग विचार केला, आपल्याला ऊब नको, आपल्याकडे ती टाकायला जागा नाही. तर तीच नळी उलटी चालवायची. वरची तापलेली हवा जमिनीखालून फिरवून आणायची, जमीन ती निववेल आणि खोलीत सोडेल. एसी नको, बिल नको. फक्त जमीन हवी. चौथ्या मजल्यावर माझ्या मालकीची जमीन म्हणजे तुळशीची कुंडी.

जमीन होती मावशीकडे.

मावशी म्हणजे माझी कोणी नव्हे. जवळच्या किनाऱ्यावरच्या कळंबची. पंचवीसेक वर्षं ती तुळिंजच्या बाजारात पाटी घेऊन बसायची आणि पत्नी तिच्याशिवाय दुसरीकडून मासळी घ्यायची नाही. माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठी, पण पत्नी मावशी म्हणायची म्हणून मीही. गुडघे गेले तसं तिने बाजारात येणं सोडलं आणि घराच्या मागे दोन खोल्या बांधल्या, समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला. मधल्या वाडीत तिच्या वलांड्या उभ्या. बांबूंच्या चौकटी, त्यांवर दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले. आम्ही महिन्यातून एकदा जायचो. पत्नी सुके बोंबील घ्यायची, मी चहा प्यायचो आणि सल्ले द्यायचो.

मला ती इंजनेर म्हणायची. कारखान्यात होतो एवढं तिला ठाऊक होतं, आणि स्टोअरकीपर आणि इंजिनियर यांतला फरक समजावून सांगण्याची गरज मला कधी वाटली नाही. पुढचं सगळं रामायण या एका मौनातून झालं.

त्या फेब्रुवारीत गेलो तर मावशी वलांडीखाली नुसती बसून होती. मुलगा येऊन गेला होता. तो बोईसरला कंपनीत आहे, शहाणा आणि आईची काळजी असलेला माणूस. त्याचं म्हणणं असं: गेल्या मे महिन्यात पाहुणे दुपारी खोलीत शिरले की तासाभरात बाहेर. स्लॅब तापतो, खोलीची भट्टी होते. दोन एसी बसवायचे तर बिल भाडं खाऊन टाकणार. तेव्हा खोल्या आणि वाडी मिळून एका रिसॉर्टवाल्या ठेकेदाराला नऊ वर्षांच्या कराराने द्यावी. तो एसी लावील, पोहण्याचा हौद करील, आईला बसून पैसे मिळतील. फक्त वलांड्या निघतील. हौद तिथेच होणार.

“बसून पैसे,” मावशी म्हणाली. “मी बसून काय करू? मरायची वाट बगू?”

मला आठवतं, पत्नीने माझ्याकडे पाहिलं. ती नजर सांगत होती, गप्प बसा. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, “मावशी, एसीची गरजच नाही.”

मी तिला जमिनीचं सांगितलं, नळीचं सांगितलं, पंचवीस वर्षांचं सांगितलं. वर्तमानपत्राच्या कडेला दोन रकाने आखून दाखवले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “खोल किती जाशील?”

“पाच फूट.”

“पाच फुटाला इथं पानी हाय.”

मी हसलो. विहिरीला पाणी असतं मावशी, वाळूत कुठलं. तिने नुसती मान उडवली. पण मुलाला फोन करून तिने सांगितलं की एक मे महिना थांब, इंजनेर कायतरी करतोय.

आता सांगायला लाज वाटते, पण पंचवीस वर्षांचा हिशेब मांडणाऱ्या या माणसाने पाइप भंगारवाल्याकडून घेतले. सहा इंची, दहा-दहा फुटांचे आठ नग, आठांतले चार एका कंपनीचे, चार दुसऱ्या. एकमेकांत बसायचे, पण सैल, करंगळी जाईल एवढी फट. मी म्हटलं, आत हवा तर जाणार, हवा थोडीच गळून वाया जाते. शिवाय सांधे चिकटवले नाहीत तर साफसफाईला सोडवता येतील. मूर्खपणाला दूरदृष्टीचं नाव देण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.

खोदायला दोन माणसं लावली. दिवस मी निवडला, म्हणजे त्यांना वेळ होता तो. वाडीत नागमोडी चर खणला, पाच फूट खाली वाळू दमट लागली, पाणी थेंबभर नाही. मी मावशीला मुद्दाम हाका मारून बोलावलं. चराच्या काठावर उभं राहून, कमरेवर हात ठेवून म्हटलं, “दाखवा, कुठंय पाणी?”

तिने खाली पाहिलं, मग समुद्राकडे पाहिलं. “आज अष्टमी. भांग हाय. पानी लांब गेलंय.” आणि जाता जाता म्हणाली, “अमावास्येला बोलाव.”

भांग म्हणजे काय हे मला पुढे कळलं. अष्टमीच्या आसपास समुद्र अर्ध्या मनाने चढतो, अर्ध्या मनाने उतरतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा तो पूर्ण ताकदीने येतो. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी मूळचा देशावरचा, आमच्याकडे पाणी ऋतूप्रमाणे वागतं. पाणी तिथीप्रमाणे वागतं, तेही जमिनीच्या खाली, हे माझ्या डोक्यात शिरायला तयार नव्हतं. मी चर बुजवला.

नळीचं एक तोंड आधी एकाच खोलीत काढलं, दुसरं वाडीच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात. तिथे हवा आत ढकलणारा पंखा बसवला. कोपरा फार विचारपूर्वक निवडला होता. सावली होती आणि समुद्राचा ताजा वारा सरळ तिथे यायचा. सुरू केलं आणि खोलीतल्या तोंडावर हात धरला तर हवा गार होती. खोटं नाही सांगत. एसीसारखी बोचरी नाही, घागरीच्या पोटाला हात लावल्यासारखी. मावशीने हात धरला, बराच वेळ तसाच ठेवला. म्हणाली, “बरी हाय.” तुळिंजला परत येताना मी पत्नीशी बोललोसुद्धा नाही, इतका मोठा झालो होतो.

पहिले पाहुणे शनिवारी आले. भाईंदरचं कुटुंब, सात माणसं, कांदा-लसूणसुद्धा न खाणारं. मी मुद्दाम हजर होतो. बाहेर ऊन रणरणत होतं, त्यांना खोलीत नेलं, दार लावलं आणि पंख्याचं बटण स्वतःच्या हाताने दाबलं.

समुद्राचा ताजा वारा त्या कोपऱ्यात यायचा हे खरं. पण येताना तो तीन वलांड्या ओलांडून यायचा, आणि त्या आठवड्यात बोंबील जोरात मिळाले होते. हजारभर बोंबलांचा श्वास गोळा करून, जमिनीखाली नीट थंड करून, मी तो बंद खोलीत सोडला. आजी सगळ्यांत आधी बाहेर आल्या, पदर नाकाला. मग क्रमाक्रमाने वयाने लहान होत गेलेली माणसं. घरातला कर्ता पुरुष सभ्य होता. तो मला म्हणाला, “खोली थंड आहे, नाही म्हणत नाही.” आणि ते गेले.

मावशी रागावेल म्हणून मी तिच्याकडे पाहिलंच नाही. ती वलांडीच्या बांबूला धरून उभी होती आणि खांदे हलत होते. हसत होती. पत्नीला म्हणाली, “बाय, माजे बोंबील तुज्या नवऱ्यानं फ्रिजात घातले.”

नळीचं तोंड वाडीच्या दुसऱ्या टोकाला, नारळाखाली न्यावं हे तिनेच सुचवलं, आणि ते एका दिवसात झालं. तिथे वारा वलांड्यांकडून येत नाही हे तिने विस्तवाची राख हवेत उडवून आधी पाहिलं. मी कोपरा डोक्याने निवडला होता. तिने राखेने निवडला.

पण खरी फजिती पुढे होती. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी मुलगा आला, खोली बघायला. मी अर्थातच होतो. त्याला नळीसमोर बसवलं, बटण दाबलं. हवा आली नाही. आवाज आला. गुडगुड, गुडगुड, लांब श्वास, पुन्हा गुडगुड. बाहेर भरती पूर्ण चढली होती आणि खोली कोणी म्हाताऱ्याने गुडगुडी ओढावी तशी ओढत होती. माझ्या सैल सांध्यांतून पाणी शिरून नळी मधोमध भरली होती.

मुलाने थोडा वेळ ऐकून घेतलं. वाईट बोलला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, “काका, तुम्ही प्रयत्न केलात. पण आई, आता पुरे. ठेकेदार थांबणार नाही. मी कागद करायला सांगतो.”

मावशीने मला बोल लावावा असं मला मनापासून वाटत होतं. तिने लावला नाही. मुलाला म्हणाली, “मला दोन उधाणं दे.”

“आई...”

“दोन. पुनवेचं आनि पुढच्या अवसेचं. त्यानंतर तू म्हनशील तिथं अंगठा देते.”

तो हो म्हणाला. आईने आयुष्यात त्याच्याकडे काही मागितल्याचं त्याला आठवत नसावं, असा त्याचा चेहरा झाला होता.

तिथून पुढे माझा इंजिनियरपणा संपला आणि मावशीचा सुरू झाला. दुसऱ्या आठवड्यात भांग धरून तिने चर पुन्हा उकरून घेतला. मी प्लंबर आणला, त्याने सांधे बघून मान हलवली. पाइप वेगवेगळे, फट मोठी, वाळूने चरे पडलेले, इथे चिकटपट्टी आणि सोल्युशन काही धरणार नाही, सगळे नवे घ्या. नवे घ्यायला पैसे लागणार होते आणि माझी पंचवीस वर्षांची बचत पंचवीस दिवसांतच संपत आली होती.

मावशीने प्लंबरला चहा पाजून वाटेला लावलं आणि थोरल्या भावाला बोलावणं धाडलं. ऐंशीच्या घरातला, कानाने पार बहिरा. होड्यांच्या फळ्यांमधल्या सांधी बुजवण्यात त्याचा जन्म गेला. आता होड्या फायबरच्या झाल्या आणि त्याला कोणी बोलवत नव्हतं. तो आला, चरात उतरला, फटीत करंगळी घालून फिरवली, आणि माझ्याकडे बघून बहिणीला काहीतरी बोलला. ते मला कोणी समजावून सांगितलं नाही. समजावण्याची गरजही नव्हती.

मावशीने एवढंच सांगितलं, “होडीत पानी शिरू देत नाय आमी. ह्या नळीत काय शिरंल?”

मग तीन दिवस मी जे पाहिलं ते आठवलं की अजून हात आपोआप स्थिर होतात. कापसाचा पीळ घालून तो दोर करायचा. लाकडात तो बोथट छिन्नीने ठोकून बसवतात, पण हे प्लास्टिक, ठोकलं तर चिरेल, म्हणून म्हाताऱ्याने तो अंगठ्याने बसवला. पेराएवढी जागा, दाब, पुढची पेराएवढी जागा, दाब. सात सांधे. दुसऱ्या बाजूला मावशी राळ आणि तेल उकळत बसलेली. गरम राळ ओतली तर नळी वितळेल हे माझ्या लक्षात आलं आणि मला क्षणभर हुशार वाटलं. मी सांगायला गेलो तर म्हातारा आधीच राळेचा थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला घेऊन बघत होता, तान्ह्याचं दूध बघतात तसा. चटका बसला की मान हलवायचा, थांबायचा. पुन्हा थेंब. चटका बसला नाही की ओतायचा. थर्मामीटर माझ्या पिशवीत होता. तो मी पिशवीतच राहू दिला.

तिघांत माझं काम ठरलं होतं. राळेखाली चिपाडं सारायची आणि गप्प बसायचं. पहिलं बरं जमलं.

पौर्णिमा आली. मावशीने चर बुजवू दिला नाही. पाणी येऊ दे, नळी कशी वागते बघू, म्हणाली. दुपारी भरती चढू लागली तसा चराचा तळ काळा झाला, मग चमकू लागला, मग पाणी दिसलं. कुठून आलं कळलं नाही. समुद्र शंभर पावलं लांब होता आणि वाळूच्या आतून वर येत होता. वीतभर झालं, दीड वीत झालं. आणि नळी हलली.

आधी एक टोक उचललं गेलं, मग मधला भाग, मग सगळीच्या सगळी ऐंशी फूट नळी, वळणांसकट, चराच्या तळावरून उठून पाण्यावर डुलू लागली. पोकळ आणि बंद, दुसरं काय करणार. मी डोक्याला हात लावला. मनात शब्द जुळवू लागलो, मुलाला काय सांगायचं याचे. सांधे भरले होते तेही उखडले असणार, खर्च गेला, वाडी गेली, आणि या बाईने मागितलेल्या दोन उधाणांतलं एक माझ्या डोळ्यांदेखत वाया गेलं.

मागे वळलो तर बहीण-भाऊ दोघे चराच्या काठावर बसून बघत होते. म्हाताऱ्याला दात नव्हते, पण तो तोंडभर हसत होता. मावशीने हातातली काठी लांबवून नळीवर हलकेच मारली, गुराच्या पाठीवर मारतात तशी.

“तरंगली,” ती म्हणाली.

“तरंगली ना,” मी म्हणालो, “म्हणजे बुडालं सगळं.”

“तरंगली म्हंजे पानी शिरलं नाय रे इंजनेर. तरंगली म्हंजे झाली.”

मी चराकडे पुन्हा पाहिलं. तासभर पाण्यात होती नळी. आतून थेंबाचा आवाज नाही. म्हाताऱ्याने खात्री करायला खोलीतल्या तोंडाशी एक पेटती काडी धरली आणि पंखा लावायला खूण केली. काडी फटकन विझली. मी जन्मभर मालाची तपासणी करून सही केली, पण इतकी स्वच्छ तपासणी माझ्या कुठल्या वहीत नाही.

मग वर येणाऱ्या वस्तूचं काय करायचं हे त्या घराला शिकवावं लागलं नाही. तरंगणारी वस्तू नांगरायची. ओहोटी लागल्यावर नळी खाली बसली तशी त्यांनी जुन्या जाळ्याच्या दोऱ्या तिच्यावरून टाकल्या, दोन्ही बाजूंना मोठे दगड बांधले, जागोजागी खुंट ठोकले आणि वर वाळू लोटली. वाडीच्या पोटात एक होडीच नांगर टाकून ठेवली म्हणा ना.

आणि गंमत अशी की आता ती पहिल्यापेक्षा जास्त गार हवा देऊ लागली. कारण शोधायला मी दोन दिवस वाचत बसलो. कोरड्या वाळूला उष्णता लवकर नेता येत नाही, ती नळीभोवतीच साचून राहते. ओली वाळू ती झटकन उचलते, आणि इथे तर उधाणाला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा ते पाणी हलवून बदलत होती. ज्या पाण्याला मी शत्रू समजलो तो या सगळ्या बांधणीतला सगळ्यांत कामाचा गडी होता, आणि फुकट. हे मी मावशीला मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो. ती म्हणाली, घागर ओल्या वाळूत ठेवतात की कोरड्या? मी परत आलो.

मे महिन्यात, दुसरं उधाण उलटल्यावरच्या रविवारी, मुलगा कागद घेऊन आला. करार टाइप होऊन तयार होता, प्लास्टिकच्या पिशवीत. दुपारचे दोन, वाडीतली वाळू अनवाणी पायाला सोसवत नव्हती. मावशीने त्याला जेवायला घातलं आणि सांगितलं, त्या खोलीत पड जरा. तो पडला. मी, पत्नी आणि मावशी बाहेर नारळाखाली बसलो. एक तास झाला. दीड झाला. दर वेळी दार वाजल्यासारखं मला वाटे. मावशी बोंबील उलटत होती आणि दाराकडे बघत नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा गालावर उशीची घडी उमटली होती.

“झोप लागली,” तो म्हणाला. जरा रागानेच म्हणाला.

मी लगेच माझा कागद पुढे केला. पंचवीस वर्षांचे दोन रकाने, आता नीट, पट्टीने आखलेले. एकीकडे दोन एसी, त्यांचं बिल, दुरुस्त्या, खाऱ्या हवेत गंजून बदलावे लागतील ते नवे. दुसरीकडे ही नळी आणि दुसऱ्या खोलीसाठी तशीच आणखी एक, दोन पंखे, राळ, कापूस. दुसरी बेरीज पहिलीच्या निम्म्याहूनही कमी. त्याने कागद हातात घेतला आणि कंपनीतला माणूस वाचतो तसा वाचला, म्हणजे आकडे सोडून मधल्या रिकाम्या जागा.

“काका, ह्यात एक गोष्ट नाही धरलेली. प्रत्येक उधाणाला कोणीतरी सांधे बघणार, दगड सरकले तर लावणार, वारा फिरला तर तोंड फिरवणार. त्या माणसाचा पगार कुठाय?”

खरंच नव्हता. मी कागद उलटा करून पाहिला, जणू मागे सापडेल. ऐंशी वर्षांच्या अंगठ्याची किंमत शून्य आणि मावशीची तर रकान्यातसुद्धा नाही. भंगारातले पाइप घेण्यापेक्षा ही मोठी चूक होती आणि ती या मुलाने अर्ध्या मिनिटात काढली. मला वाटलं, संपलं. त्याचं बरोबर आहे.

मावशीने हातातले बोंबील खाली ठेवले. “धर,” ती म्हणाली.

“काय धर?”

“माजा पगार. तुज्या कंपनीत वाचमनला देतात तेवडा धर. पंचवीस वर्सं धर.”

मी धरला. बेरीज केली. पुन्हा केली. मनात प्रार्थना चालू होती, पण आकड्यांना भीड नसते. नळीचा रकाना फुगत फुगत जवळजवळ एसीच्या बरोबरीला आला. मी कागद दोघांच्या मध्ये ठेवला.

मुलगा म्हणाला, “बघ आई. सारखंच झालं.”

“सारकं?” मावशीने एसीच्या रकान्यावर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं तिला, पण कुठला कोणता हे एव्हाना ठाऊक होतं. “हे पैशे कुठं जातात?”

“बिलात. कंपनीला.”

“आनि हे?”

तिचं बोट आता नळीच्या रकान्यावर होतं. ती म्हणाली, “हे माज्याकडं येतात. माज्यानंतर जो बगंल त्याच्याकडं. घरातले पैशे घरातच. आनि मी बसून नाय खात, काम करते.”

पत्नी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, तुमच्या त्या थंड मुलखातल्या कागदात हा प्रश्न होता का हो? नव्हता. दोन्ही रकान्यांत किती जातं एवढंच होतं.

मुलाने कराराची पिशवी बाजूला सारली. त्याला नाइलाज झाला असं मी म्हणणार नाही, पटलं असंही म्हणणार नाही. माणूस हिशेबाचा होता आणि हिशेबात त्याला एक जागा सापडली होती जिथे त्याने आईला कधी ठेवलंच नव्हतं. त्याने ठेकेदाराला तिथूनच फोन लावला. आवाज मऊ ठेवून म्हणाला, यंदा नाही, आईने खोल्या चालवायच्या ठरवल्यात, पावसाळ्यानंतर बघू. पलीकडून बरंच काही बोललं गेलं. तो हो हो म्हणत राहिला आणि फोन ठेवला. पावसाळ्यानंतर पुन्हा हा विषय निघेल हे आम्हा चौघांनाही कळत होतं.

मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आईला विचारलं, “सांधे कुठे कुठे आहेत?”

“सात हायत,” मावशी उठता उठता म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवून उठायला तिला वेळ लागला आणि तो थांबला. “ये, पयला इथं, नारळापासनं चार पावलं.”

ती पावलं मोजत पुढे आणि तो तिच्या मागे, तापलेल्या वाळूवर पाय पटपट उचलत.